ज्युनिअर आइस हॉकीतले ट्रेड आणि गोलकीपरचे निर्णय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आइस हॉकी नव्याने पाहू लागलेल्यांपासून मुलाला कीपर करणाऱ्या पालकांपर्यंत अनेकांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ट्रेड म्हणजे संघांनी आपापसांत केलेली खेळाडूंची अदलाबदल. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे अवघड. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ज्युनिअर हॉकी म्हणजे शाळा-कॉलेजच्या संघांची स्पर्धा का?

नाही. इथे ज्युनिअर हॉकी म्हणजे कॅनेडियन हॉकी लीग, सीएचएल. तिच्या छत्राखाली तीन लीग चालतात. ऑन्टॅरिओची ओएचएल २० संघांची, क्युबेक आणि अटलांटिक किनाऱ्याची क्यूएमजेएचएल १८ संघांची. पश्चिमेच्या डब्ल्यूएचएलमध्ये बरीच वर्षं २२ संघ होते, २०२५-२६ मध्ये पेंटिक्टन आल्यावर २३ झाले. सिएटल, पोर्टलंड, सॅगिनॉ, ईरी असे काही संघ अमेरिकेतले आहेत.

खेळाडू १६ ते २० वर्षांचे असतात. बहुतेक जण घरापासून दूर, संघाने ठरवून दिलेल्या कुटुंबात राहतात (या कुटुंबाला तिथे ‘बिलेट’ म्हणतात), आणि शाळा सांभाळून खेळतात. ओएचएल आणि डब्ल्यूएचएलमध्ये प्रत्येक संघाचे साखळीत ६८ सामने होतात. त्यानंतर प्लेऑफ असतो आणि शेवटी मेमोरियल कप. हा चषक १९१९ पासून खेळला जातो. तीन लीगचे विजेते आणि एक यजमान असे चार संघ त्यात असतात.

टोरांटोच्या परिसरात मराठी कुटुंबं बरीच आहेत. त्यांना सर्वांत जवळचा संघ बहुधा ब्रॅम्प्टन स्टीलहेड्स. हा संघ २०२४ मध्ये मिसिसागाहून ब्रॅम्प्टनला आला.

२. या वयाच्या मुलांचे सौदे पैशांत होतात का?

पैशांत नाही. देवाणघेवाण होते ती खेळाडू, खेळाडूवरचे हक्क आणि पुढच्या ड्राफ्टमधल्या (संघ पाळीपाळीने नवी मुलं निवडतात त्या कार्यक्रमातल्या) निवडी यांची. ‘पिक’ म्हणजे नव्या मुलांमधून एक मुलगा निवडण्याचा हक्क. क्युबेक आणि पश्चिमेकडे पहिल्या फेरीचे पिकही सर्रास हात बदलतात. ओएचएलमध्ये पहिल्या फेरीचं पिक साधारणपणे विकता येत नाही, म्हणून तिथे दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या पिकना बाजारात सगळ्यात जास्त मागणी. त्यामुळे ओएचएलच्या मोठ्या सौद्यांत चार-पाच वर्षं पुढच्या दुसऱ्या फेऱ्यांची रांग दिसते.

पिकची किंमत करताना वर्षं मोजा. ओएचएलच्या ड्राफ्टमध्ये पंधरा-सोळा वर्षांची मुलं निवडली जातात. म्हणजे तीन वर्षांनंतरचं पिक आज बारा-तेरा वर्षांच्या कुणा मुलासाठी आहे, आणि तो संघाला खऱ्या अर्थाने उपयोगी पडायला आणखी दोन-तीन वर्षं जाणार. कीपर असेल तर तीन-चार. आज पिक देणारा जनरल मॅनेजर तोवर त्याच खुर्चीत असेलच असं नाही. अव्वाच्या सव्वा किमती मोजल्या जातात त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

सशर्त पिकही असतात. ‘संघ अंतिम फेरीत गेला तर तिसऱ्याऐवजी दुसरी फेरी’, ‘मुलगा पुढच्या मोसमात परत आला तरच’ अशा अटी. कीपरच्या सौद्यात ही दुसरी अट आग्रहाने घालून घ्यावी (कारण प्रश्न ११ आणि १८ मध्ये).

३. ट्रेडची वेळ काय असते?

मोठी तारीख जानेवारीतली, दहाच्या आसपासची. हीच ट्रेडची डेडलाइन. क्युबेकच्या लीगमध्ये ट्रेडची हिवाळी मुदत डिसेंबरच्या मध्यानंतर उघडते आणि जानेवारीच्या सुरुवातीला बंद होते. त्यानंतर मोसम संपेपर्यंत हातात जो संघ आहे त्यावरच भागवायचं. दुसरा, कमी गाजणारा काळ म्हणजे ऑक्टोबर. तेव्हा वीस वर्षांच्या खेळाडूंची संख्या मर्यादेत आणावी लागते. कीपर शोधणाऱ्याने ऑक्टोबरकडे बारीक लक्ष ठेवावं. का, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

४. सेव्ह टक्केवारी आणि गोल सरासरी यांत कशावर विश्वास ठेवायचा?

सेव्ह टक्केवारीवर, तोही जपून. अडवलेले शॉट भागिले एकूण शॉट म्हणजे सेव्ह टक्केवारी. गोल सरासरी म्हणजे ६० मिनिटांमागे खाल्लेले गोल. दोन कीपर शेजारी ठेवून बघा. पहिला बलाढ्य संघाचा: २२ शॉट, २ गोल. त्याची गोल सरासरी २.००, सेव्ह टक्केवारी ०.९०९. दुसरा दुबळ्या संघाचा: ३८ शॉट, ३ गोल. गोल सरासरी ३.००, टक्केवारी ०.९२१. वर्तमानपत्रातला तक्ता पहिल्याला वर ठेवील, पण काम दुसऱ्याने जास्त केलं आहे.

टक्केवारीतही खोट असते. शॉट मोजणारी माणसं प्रत्येक मैदानावर वेगळी. कुठे बाहेर जाणारा फटकाही शॉट म्हणून लिहिला जातो, कुठे हातचं राखून मोजतात. म्हणून कीपरचे घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे काढा. घरी ०.९१८ आणि बाहेर ०.८९५ असा फरक मोठ्या काळात टिकून असेल, तर आधी त्या मैदानावरच्या पाहुण्या कीपरांची टक्केवारी तपासा. तीही फुगलेली असेल तर मोजणीत गडबड आहे.

शूटआउटमधली (बरोबरी सोडवायला एकेका खेळाडूने कीपरसमोर मारायच्या फटक्यांतली) कामगिरी सौदा ठरवताना बाजूला ठेवा. प्लेऑफमध्ये शूटआउट नसतोच. तिथे बरोबरी सुटते ती पहिला गोल पडेपर्यंत चालणाऱ्या जादा वेळेत.

५. एक चांगला कीपर खरंच किती फरक पाडतो?

गणित कागदावर मांडता येतं. सामन्याला ३० शॉट धरले तर ६८ सामन्यांत २,०४० शॉट होतात. ०.९०० चा कीपर त्यांत २०४ गोल खाईल, ०.९१५ चा सुमारे १७३. फरक ३० गोलांचा. हॉकीत ढोबळ हिशेब असा की सहा गोलांचा फरक म्हणजे एक जादा विजय. म्हणजे पाच विजय, दहा गुण. घरच्या मैदानाचा फायदा मिळणार की प्लेऑफचं दारच बंद होणार, हे एवढ्या गुणांत ठरतं.

मात्र जानेवारीत घेतलेला कीपर उरलेल्या २८-३० सामन्यांतले वीस-बावीस खेळणार. साखळीतला फायदा नऊ-दहा गोल, दीड विजय. खरी वसुली प्लेऑफमध्ये, जिथे तोच कीपर रोज उभा राहतो आणि सात सामन्यांच्या चार फेऱ्या असतात. प्लेऑफमध्ये दोन फेऱ्यांच्या पुढे जाण्याची ताकद नसलेल्या संघाने कीपरसाठी दुसऱ्या फेरीची पिक उधळू नयेत. दीड विजयासाठी ती फार मोठी किंमत आहे.

६. गेल्या दहा सामन्यांत त्याची टक्केवारी ०.९३० आहे. घ्यायचा का?

याच चुकीने सर्वाधिक संघ फसतात, म्हणून थोडं सविस्तर.

समजा कीपरची खरी क्षमता ०.९०५ आहे. दहा सामने, ३०० शॉट. सरासरीने तो २८-२९ गोल खाईल. पण निव्वळ योगायोगाने हा आकडा पाचने इकडे-तिकडे होणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे तोच मुलगा, तोच दर्जा, आणि तीनांतल्या दोन वेळा गोल २३ ते ३४ च्या दरम्यान कुठेही. २३ गोल म्हणजे ०.९२३, ‘काय फॉर्म आहे!’ ३४ गोल म्हणजे ०.८८७, ‘याला बदला!’ मुलगा बदललेला नसतो. पक (खेळायची रबरी चकती) खांबाला लागून आत गेला की बाहेर, एवढाच फरक असतो.

५० सामने, १,५०० शॉट झाले की ही हेलकाव्याची पट्टी ०.०१७ वरून सुमारे ०.००८ वर येते. तेव्हा कुठे दोन कीपरांतला फरक दिसू लागतो. म्हणून नियम साधा ठेवा: चालू मोसम आणि मागचा मोसम मिळून किमान १,२०० शॉट असल्याशिवाय आकड्यावरून किंमत ठरवू नका. नोव्हेंबरातल्या गरम हातावर बोली लावली की फेब्रुवारीत पस्तावण्याची वेळ येते. हेच उलट्या बाजूनेही खरं. आपला कीपर दहा सामने पडला म्हणून त्याला मातीमोल विकू नका.

७. आकडे अपुरे असतील तर डोळ्यांनी काय बघायचं?

पाच गोष्टी, महत्त्वाच्या क्रमाने.

आडव्या पासनंतरची हालचाल: पक डावीकडून उजवीकडे गेला की कीपर आधी पायावर सरकतो की आधी गुडघ्यावर पडतो? पडून सरकणारा मुलगा ज्युनिअरमध्ये वाचतो, वरच्या पातळीवर उघडा पडतो. दुसरं, रिबाउंड, म्हणजे अडवल्यावर उसळणारा पक: छातीवर आलेला पक तो पोटाशी धरतो का, पायावर आलेला कोपऱ्याकडे वळवतो का, की समोरच टाकतो. तिसरं, गर्दीतून पक शोधणं. समोर दोन मोठे खेळाडू उभे असताना त्याचं डोकं कुठे असतं ते बघा. मान वाकवून फटीतून पाहणारा कीपर पकच्या मागावर असतो, ताठ उभा राहणारा नशिबावर. चौथं, खांबाजवळचं बसणं: जाळं सहा फूट रुंद आणि चार फूट उंच, आणि गोलरेषेच्या खालून येणाऱ्या हल्ल्यात खांद्याच्या वरची फट सगळ्यात आधी मारली जाते. पाचवं, गोल खाल्ल्यानंतरचे तीन शॉट.

हे सगळं चित्रफितीवर दिसतं, पण शेवटचं मैदानावर जाऊनच बघावं. पक पलीकडच्या टोकाला असताना कॅमेरा कीपरवर नसतो, आणि त्याची देहबोली तेव्हाच वाचता येते.

८. कीपर एवढा महत्त्वाचा, तर तो गोल करणाऱ्यांपेक्षा स्वस्त कसा?

जागा एकच असते. चांगला फॉरवर्ड कुठल्याही संघात बसतो, कीपर मात्र ज्या संघाची जागा रिकामी आहे तिथेच. एखाद्या जानेवारीत खरोखर कीपर हवा असणारे आणि किंमत मोजू शकणारे संघ लीगमध्ये दोन-तीनच असतात. त्याच महिन्यात चार कीपर बाजारात आले की भाव कोसळतो. एकच असला तर गगनाला भिडतो.

दुसरं कारण, कीपर उशिरा पिकतो. चौदा-पंधराव्या वर्षी त्याच्याबद्दल ठाम बोलणं जवळजवळ अशक्य. २०१३ चा डब्ल्यूएचएल ड्राफ्ट बघा. स्टुअर्ट स्किनर या कीपरला लेथब्रिज संघाने पहिल्या फेरीत घेतलं. कार्टर हार्ट त्याच ड्राफ्टमध्ये आठव्या फेरीत एव्हरेटला मिळाला. हार्ट पुढे दोनदा संपूर्ण सीएचएलचा सर्वोत्तम गोलकीपर ठरला, २०१६ आणि २०१८ मध्ये. आणि २०१८ च्या डब्ल्यूएचएल अंतिम फेरीत हे दोघे समोरासमोर उभे होते. म्हणून आमचा सल्ला: कीपरसाठी पहिली फेरी खर्चू नका, त्याऐवजी दर वर्षी मधल्या-शेवटच्या फेऱ्यांत एक कीपर निवडत राहा.

९. मोसमाच्या मध्यावर कीपर आणून जिंकल्याचं उदाहरण आहे का?

२०१७-१८ चा मोसम हे त्याचं सगळ्यांत ठळक उदाहरण. जानेवारी २०१८ मध्ये स्विफ्ट करंट ब्रॉन्कोज संघाने लेथब्रिजकडून स्किनरला आणलं. त्याच सौद्यात जॉर्जिओ एस्टेफान हा फॉरवर्डही आला. स्विफ्ट करंट हे छोटं गाव, पण त्या वर्षी त्यांचा संघ ऐन भरात होता. कमी होती ती मोठे सामने एकट्याने तारून नेणाऱ्या कीपरची. प्लेऑफमध्ये पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत त्यांनी ४-२ ने कुणाला हरवलं? लेथब्रिजलाच. विकणाऱ्याला आपलाच कीपर आडवा आला. मग एव्हरेटला ४-२ ने हरवून ब्रॉन्कोज विजेते झाले.

मेमोरियल कप मात्र त्यांच्या हाती लागला नाही. तो अकेडी-बॅथर्स्ट टायटनने नेला, अंतिम सामन्यात रेजायनाला ३-० ने हरवून. टायटनचा कीपर इव्हान फिट्झपॅट्रिक. तोही त्याच मोसमाच्या मध्यावर शेरब्रुककडून आणलेला.

आता याची दुसरी बाजू. स्किनर पुढच्या मोसमात व्यावसायिक हॉकीत गेला. स्विफ्ट करंटला तो मिळाला अर्धा मोसम. भविष्य गहाण ठेवलेला तो संघ २०१८-१९ मध्ये लीगच्या तळाशी होता. ज्या गावाने विजेतेपद पाहिलं तिथले लोक हा सौदा पुन्हा करतील, असं आम्हाला वाटतं. मात्र करण्याआधी किंमत डोळ्यांसमोर असावी.

१०. मग कीपर घरचाच ठेवून बाकीचा संघ विकत घेतला तर?

घरचा कीपर पुरेसा चांगला असेल तर हाच शहाणा मार्ग. २०२२-२३ मध्ये सिएटल थंडरबर्ड्सनी मोसमात डिलन गेंथर, ब्रॅड लॅम्बर्ट असे मोठे मोहरे आणले, पण जाळ्यात उभा राहिला तो त्यांचा स्वतःचा टॉमस मिलिच. डब्ल्यूएचएलचं विजेतेपद मिळालं, प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडूही मिलिचच ठरला. मेमोरियल कपच्या अंतिम सामन्यात त्यांना प्रशिक्षक पॅट्रिक रुआच्या क्युबेक रेम्पार्ट्सनी ५-० ने हरवलं.

‘पुरेसा चांगला’ कसं ठरवायचं? घरच्या कीपरची दोन मोसमांची टक्केवारी लीगच्या सरासरीइतकी किंवा थोडी वर असेल आणि बाजारातला कीपर त्याच्यापेक्षा ०.००८ हून जास्त वरचढ असल्याचं सिद्ध होत नसेल, तर पिक बचावपटूवर खर्चा. नव्या कीपरला बचावफळीशी जुळायला वेळ लागतो. जाळ्यामागे पक कोण उचलणार, कीपर कुठल्या बाजूला सोडणार, हाक कुठल्या शब्दाने द्यायची, हे सगळं पुन्हा बसवावं लागतं. आणि जानेवारी-फेब्रुवारीत सामने आणि बसप्रवास एवढे असतात की सरावाला दिवसच उरत नाहीत. पहिले पाच-सहा सामने जाळ्यामागच्या गोंधळात एखाद-दुसरा गोल जाणार हे गृहीतच धरा.

११. वीस वर्षांचा कीपर ठेवावा का? तीनपैकी एक जागा अडते ना?

अडते, आणि म्हणूनच हा प्रश्न सगळ्यात जास्त वादाचा. प्रत्येक संघाला वीस वर्षांचे (‘ओव्हरएज’) फक्त तीन खेळाडू चालतात. एक कीपर घेतला की ताकदीच्या फॉरवर्डची किंवा पहिल्या जोडीतल्या बचावपटूची जागा जाते.

तरी अलीकडची उदाहरणं कीपरच्या बाजूने बोलतात. मायकेल सिम्पसन २०२३ मध्ये पीटरबरोकडून ओएचएल जिंकला आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी तो लंडन नाइट्सकडे गेला आणि वीस वर्षांचा कीपर म्हणून २०२४ मध्ये त्यांच्याबरोबर पुन्हा ओएचएल जिंकला. पुढच्या मोसमात लंडनने तोच कित्ता गिरवला: सास्काटूनकडून खेळलेला ऑस्टिन एलियट आला, साखळीत ३२ सामने जिंकून एकच हरला, आणि २०२५ चा मेमोरियल कप लंडनने नेला. (हे ऑन्टॅरिओमधलं लंडन, इंग्लंडमधलं नव्हे. हा प्रश्नही वारंवार येतो.)

इथे ऑक्टोबरचा फायदा कळतो. शरद ऋतूत काही संघांकडे चौथा वीस वर्षांचा खेळाडू उरतो. तरुण कीपरला जागा करून द्यायची असते, म्हणून मोठ्याला सोडावं लागतं. जानेवारीत ज्याच्यासाठी दुसरी फेरी मागतील तो मुलगा ऑक्टोबरात अगदी कमी किमतीत सुटतो. मात्र जागा मोकळी हवी. म्हणून जाणते मॅनेजर सप्टेंबरात तिसरी जागा मुद्दाम भरत नाहीत.

वीस वर्षांचा कीपर कुणी घेऊ नये? ज्यांचा स्वतःचा १८ वर्षांचा कीपर तयार आहे आणि संघ यंदा जिंकणारा नाही, त्यांनी. त्या मुलाचे ४५ सामने हिरावले जातात आणि हाती काहीच लागत नाही.

१२. युरोपातून कीपर आणता येतो का?

येतो, मधली काही वर्षं येत नव्हता. कॅनडाच्या कीपरांना खेळायला मिळावं म्हणून सीएचएलने २०१३ मध्ये निर्णय घेतला आणि २०१४ पासून परदेशी कीपरांची निवड थांबवली. २०१८ मध्ये ही बंदी उठली. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्याच असल्याने कीपर आणायचा तर तो पहिल्याच दिवसापासून मुख्य कीपर हवा. बॅकअपसाठी (राखीव कीपरसाठी) परदेशी जागा घालवणं ही सरळ चूक.

१३. डिसेंबरात आमचा कीपर जागतिक ज्युनिअर स्पर्धेला गेला तर काय करायचं?

वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा २६ डिसेंबर ते ५ जानेवारी असते, शिबिर त्याच्या आधी. कीपर तीन आठवड्यांहून जास्त जातो आणि या काळात संघाचे आठच्या आसपास सामने असतात. तयारी नोव्हेंबरातच हवी: बॅकअपला तेव्हापासून आठवड्याला एक सामना द्या, म्हणजे डिसेंबरात तो गारठलेला उतरणार नाही.

एक बारकावा. राष्ट्रीय संघ तीन कीपर नेतात आणि तिसऱ्याला बहुधा एकही सामना मिळत नाही. असा मुलगा तीन आठवडे न खेळता परततो. परतल्यावर पहिल्याच शनिवारी त्याला बलाढ्य प्रतिस्पर्ध्यासमोर उभं करू नका. आणि स्पर्धेत त्याने दोन सामने चांगले केले किंवा वाईट केले, म्हणून डेडलाइनच्या आठवड्यात त्याची किंमत बदलू नका. साठ शॉटांवर मत बनवू नये (प्रश्न ६).

१४. मुख्य कीपरने किती सामने खेळावेत?

६८ पैकी ४५ ते ५०. ज्युनिअरमध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार असे लागोपाठ तीन सामने नेहमीचे असतात आणि पश्चिमेत मधला प्रवास रात्रभर बसने होतो. तीनपैकी दोन मुख्य कीपरला, एक बॅकअपला. बॅकअपला कुठला द्यायचा? बहुतेक प्रशिक्षक दुबळ्या प्रतिस्पर्ध्याचा देतात. आमच्या मते त्याला मधला, शनिवारचा द्यावा. मुख्य कीपरला दोन सामन्यांत पूर्ण एक दिवस मिळतो आणि रविवारी तो थकलेल्या बचावफळीमागे ताजा उभा राहतो.

५५ च्या पुढे गेलेल्या कीपरची मांडी आणि कंबर मार्चमध्ये तक्रार करू लागते. सतत गुडघ्यावर पडून उठण्याचा ताण कंबरेच्या सांध्यावरच येतो, आणि हे वय सांधे घडण्याचं आहे.

१५. सामना चालू असताना कीपर कधी बदलावा?

पहिल्या दहा मिनिटांत तीन गोल पडले म्हणून आपोआप नाही. ते गोल कसे पडले ते बघा. दोन गोल आडव्या पासवर मोकळ्या खेळाडूने मारले असतील तर दोष बचावाचा, कीपर राहू द्या. लांबून, काही आडवं नसताना दोन गोल आत गेले तर बदला. संघाला हादरा द्यायला कीपर काढणं हा प्रशिक्षकाचा आवडता उपाय आहे, पण दुसऱ्या दिवशी सामना असेल तर त्याच कीपरला आज संध्याकाळीच सांगा: उद्या तूच आहेस. न सांगता झोपायला पाठवलेला सतरा वर्षांचा मुलगा रात्रभर त्या गोलांवरच विचार करत राहतो.

प्लेऑफमध्ये कीपर बदलायचा तर मालिका ०-२ असताना बदला. १-३ झाल्यावर नव्या कीपरला एकाही चुकीची मुभा उरत नाही.

१६. शेवटी कीपर काढून सहावा खेळाडू कधी आणायचा?

एका गोलाने मागे असाल तर अडीच-तीन मिनिटं उरली असताना, दोन गोलांनी मागे असाल तर पाच-सहा मिनिटं असताना. गणित याहूनही आधी काढायला सांगतं, पण ज्युनिअर संघात पक हातात टिकत नाही, म्हणून आम्ही थोडं उशिरा म्हणतो. घड्याळापेक्षा ताबा पाहा: पक विरोधी भागात आणि आपल्या काठीवर पक्का असेल तेव्हाच कीपरला खूण करा. तो बाकापासून पाच फुटांच्या आत येईपर्यंत बदली खेळाडूने उडी मारू नये, नाहीतर जास्त खेळाडूंची शिक्षा बसते. मोक्याच्या वेळी सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे, आणि ती सरावात दहा वेळा करून घेतली की जाते.

१७. यजमान संघ मेमोरियल कपला थेट जातो. मग त्याची ट्रेडनीती वेगळी असते का?

फारच वेगळी. तारीख आधीच ठरलेली असल्याने यजमान त्या एका वर्षासाठी सगळं पणाला लावतो. क्युबेकने २०१५ च्या यजमानपदासाठी डिसेंबर २०१४ मध्ये हॅलिफॅक्सकडून झॅक फुकालेला आणलं. २०१३ मध्ये हॅलिफॅक्सबरोबर मेमोरियल कप जिंकलेला हा कीपर. क्युबेक लीगच्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यात, दुसऱ्या जादा वेळेत रिमुस्कीकडून हरले, आणि त्यांच्याच मैदानावरच्या मेमोरियल कपमध्येही विजेतेपद आलं नाही.

यजमान कीपरची खास अडचण म्हणजे सुट्टी. रेजायना २०१८ मध्ये आणि सेंट जॉन २०२२ मध्ये प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत बाद झाले. मग महिनाभराहून जास्त एकही खरा सामना नाही. रेजायना तरीही अंतिम सामन्यापर्यंत गेले, सेंट जॉनने तर प्रशिक्षक बदलून चषकच जिंकला. अशा काळात कीपरसाठी आठवड्यातून दोनदा पूर्ण ६० मिनिटांचा सराव सामना, पंच आणि घड्याळासकट, ठेवावा. नुसत्या शॉटच्या सरावाने हात गरम राहतात, नजर राहत नाही.

१८. विकणाऱ्या संघाने कीपर कधी विकावा?

१९ वर्षांचा असताना, पहिला मोठा खरेदीदार फोन करील तेव्हा. डेडलाइनच्या आदल्या दिवसापर्यंत थांबलात तर खरेदीदाराने दुसरा कीपर घेतलेला असतो, आणि प्रश्न ८ मध्ये म्हटल्याप्रमाणे पुढचा खरेदीदार नसतो. शिवाय विकण्याआधी उरलेले तीस सामने कोण खेळणार हे ठरवा. सौद्यात समोरच्याचा बॅकअप मागून घ्या. तो मिळाला नाही तर सोळा वर्षांच्या मुलावर सामन्याला ४० शॉटचा मारा होतो, आणि त्यातून सावरायला त्याला पुढचा मोसम जातो.

१ ऑगस्ट २०२५ पासून सीएचएलचे खेळाडूही अमेरिकी विद्यापीठांच्या एनसीएए पहिल्या विभागात खेळू शकतात. हा निर्णय नोव्हेंबर २०२४ चा. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी वीस वर्षांचा म्हणून परत येईल’ हे गृहीत आता धोक्याचं आहे. कीपर विद्यापीठात जाऊ शकतो. म्हणून प्रश्न २ मधली अट: परत आला तर दुसरी फेरी, नाही आला तर चौथी.

१९. आमचा मुलगा सोळा वर्षांचा कीपर आहे. त्याचाही ट्रेड होईल का?

सोळाव्या वर्षी ओएचएलमध्ये ट्रेड करता येत नाही. सतराव्यापासून शक्यता धरून चाला. करारात बदलीला नकार देण्याचं कलम मिळू शकतं. सही करण्याआधी ते मागा आणि लेखी घ्या. शिष्यवृत्तीबद्दलही विचारा: खेळलेल्या प्रत्येक मोसमामागे उच्च शिक्षणाच्या एका वर्षाची शिष्यवृत्ती मिळते. ट्रेड झाल्यावर ती जबाबदारी कुठल्या संघाकडे जाते, हे कागदावर स्पष्ट हवं.

ट्रेड झालाच तर फोन येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघायचं असतं. ऑन्टॅरिओत पहिलं सत्र जानेवारीच्या अखेरीस संपतं, म्हणजे डेडलाइन बरोबर परीक्षेच्या तोंडावर. जुन्या शाळेकडून गुणपत्रक आणि अपुऱ्या विषयांची यादी त्याच दिवशी घ्या, आणि परीक्षा नव्या गावात देता येईल का ते नव्या संघाच्या शिक्षण सल्लागाराला विचारा. संघ हे करून देतात, पण मागणाऱ्याला लवकर मिळतं. जुन्या बिलेट कुटुंबाचा निरोप घ्यायला एक संध्याकाळ मागून घ्या.

आणि पॅडची काळजी करू नका. मापाने, नव्या संघाच्या रंगात बनवलेले पॅड यायला कित्येक आठवडे लागतात. तोवर तो जुन्या संघाच्या रंगातच जाळ्यात उभा राहील. नव्या जर्सीखाली निळे-पांढरे जुने पॅड घातलेला कीपर फेब्रुवारीत जवळपास प्रत्येक लीगमध्ये दिसतो. घाईघाईने तयार मापाचे पॅड विकत घेऊ नका. गुडघ्याखालची गादी अर्धा इंच सरकली तरी पडताना गुडघा थेट बर्फावर आपटतो.